लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना कायदा काय देतो?

"आम्ही चार वर्षं एकत्र राहतोय, लग्न केलेलं नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर मला काही हक्क आहे का?"

हा प्रश्न हिंजवडीत नोकरी करणाऱ्या तरुणीला पडतो, तसाच साठीतल्या विधवा बाईंनाही पडतो. या बाई आपल्यासारख्याच एकट्या पडलेल्या माणसाबरोबर राहत असतात. मुलांशी इस्टेटीवरून वाद नको, पहिल्या पतीचे निवृत्तिवेतन बंद व्हायला नको, म्हणून त्यांनी लग्नाची नोंदणी टाळलेली असते. उत्तर मात्र दोघींना सहसा अर्धवटच मिळते. कोणी म्हणते, "आता सगळं कायदेशीर झालंय, काळजी करू नकोस." कोणी म्हणते, "लग्न नाही म्हणजे काहीच नाही." ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. भांडण झाले किंवा मूल झाले तर कायदा या नात्याकडे बऱ्यापैकी लक्ष देतो. आजारपणात, मालमत्तेच्या व्यवहारात आणि मृत्यूनंतर मात्र तोच कायदा या दोघांना एकमेकांचे परके समजतो. हा फरक वेळेवर कळला, तर पुढचे पुष्कळ नुकसान टळते.

१. मुळात हा गुन्हा आहे का?

नाही. दोन सज्ञान माणसांनी स्वतःच्या मर्जीने एकत्र राहणे हा भारतात गुन्हा नाही. अभिनेत्री खुशबू यांनी विवाहपूर्व संबंधांबद्दल एका मुलाखतीत मत मांडले, तेव्हा त्यांच्यावर तब्बल २३ फिर्यादी दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्या सगळ्या रद्द केल्या आणि असे सहजीवन गुन्हा ठरत नाही, हेही सांगितले. २०१८ मध्ये केरळच्या नंदकुमार प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. त्यातला मुलगा अजून २१ वर्षांचा नव्हता, म्हणजे लग्नाच्या वयाला पोचला नव्हता. तरी दोघेही १८ पूर्ण केलेले, म्हणजे सज्ञान होते. त्यामुळे लग्नाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यांना एकत्र राहता येते, असे न्यायालय म्हणाले.

यातला एक विवाहित असेल तर? व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रद्द केले. तेव्हा नुसते एकत्र राहण्याबद्दल तुरुंगवास नाही. मात्र घटस्फोट न घेता दुसरे लग्न लावले, तर तो द्विभार्या किंवा द्विपतीचा गुन्हा होतो. शिवाय लग्न करण्याचा इरादा नसताना तसे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

हॉटेलांचेही तसेच. अविवाहित जोडप्याने खोली घेऊ नये, असा कोणताही कायदा नाही. २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे पडले आणि जोडप्यांवर सार्वजनिक असभ्य वर्तनाची कलमे लागली, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली. ती योग्यच होती. बंद खोली ही सार्वजनिक जागा नव्हे.

घरच्यांकडून जिवाला धोका असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात लेखी अर्ज देऊन संरक्षण मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष नेमण्याचे आदेश दिले आहेत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. पुढे उच्च न्यायालयात जावे लागले, तर तो शिक्का असलेला कागद फार उपयोगी पडतो.

२. 'विवाहसदृश नाते' कधी मानले जाते?

पुढचे बहुतेक हक्क या एका कल्पनेवर उभे आहेत, म्हणून ती आधी समजून घेऊ. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. पत्नीबरोबरच 'विवाहसदृश नात्यात' राहणाऱ्या स्त्रीलाही त्याने संरक्षण दिले. पण विवाहसदृश म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलेले नाही. ते न्यायालयांना ठरवावे लागले.

२०१० च्या वेलुसामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार कसोट्या घातल्या. दोघे समाजात पती-पत्नीसारखे वावरत असावेत. दोघांचे वय लग्नाचे असावे. एरवी त्यांना एकमेकांशी लग्न करता आले असते अशी स्थिती असावी, म्हणजे कोणाचे आधीचे लग्न कायम नसावे. आणि ते स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. किती वर्षे, ते न्यायालयाने सांगितले नाही. शनिवार-रविवारच्या भेटीगाठी मात्र यात येत नाहीत, हे स्पष्ट केले.

२०१३ च्या इंद्रा सर्मा निकालात या कसोट्यांना आणखी तपशील जोडले गेले. घर एक होते का, पैसा एकत्र येत होता का, बँकेत संयुक्त खाते होते का, घरकामाची वाटणी कशी होती, मुले आहेत का, नातेवाइकांत आणि मित्रांत दोघे जोडीने जात होते का, अशा अनेक गोष्टींवरून न्यायाधीश नात्याचे चित्र उभे करतात.

म्हणजे पुराव्यात प्रत्यक्षात काय लागते? भाडेकरारावर दोघांची नावे. महाराष्ट्रात हा करार नोंदवावाच लागतो आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. हल्ली एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरीच येतो. त्या वेळी "एकाचंच नाव टाकू, काम लवकर होईल," असे तो म्हणाला तरी ऐकू नये. गॅसचे पुस्तक, वीजबिल, सोसायटीला दिलेला भाडेकरूचा फॉर्म, दोघांच्या खात्यांतून किराणामालाला आणि भाड्याला गेलेले पैसे, विम्याच्या अर्जावरचे नाव, घरच्या गणपतीत दोघांनी जोडीने केलेल्या पूजेचा फोटो, शेजाऱ्यांची साक्ष, हे सगळे चालते. यातला एखादा कागद एकटा पुरेसा नसतो. पाच-सहा एकत्र आले की चित्र स्पष्ट होते.

इंद्रा सर्मा प्रकरणाचा निकाल मात्र मला आजही सलतो. ही अविवाहित बाई १९९२ पासून एका विवाहित, मुले असलेल्या सहकाऱ्याबरोबर राहत होती. नोकरीही तिने सोडली होती. तो सोडून गेल्यावर दंडाधिकाऱ्यांनी तिला दरमहा १८,००० रुपये मंजूर केले. पण तो विवाहित आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होते, म्हणून हे नाते विवाहसदृश नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा मान्य केला नाही. अशा स्त्रियांवर आणि त्यांच्या मुलांवर अन्याय होतो, हे न्यायालयानेच निकालात नमूद केले आणि संसदेने कायदा करावा, असे सुचवले. तसा देशव्यापी कायदा अजून झालेला नाही. सर्वांत असहाय बाईलाच कायदा दारात थांबवतो, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. पुरुषाने आपले लग्न लपवून फसवले असेल, तर मात्र त्या स्त्रीला संरक्षण मिळू शकते. तो मार्ग त्याच निकालाने मोकळा ठेवला आहे.

३. मारहाण झाली, घराबाहेर काढले, तर?

नाते विवाहसदृश असेल तर स्त्रीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ती सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तो चालतो. माहेरी बार्शीला परतलेल्या मुलीला ठाण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शिवीगाळ, सततचा अपमान, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणे आणि घरखर्च बंद करणे हेही या कायद्याने हिंसेत धरले आहे.

न्यायालय काय देऊ शकते? त्रास न देण्याचा आदेश, त्याच घरात राहू देण्याचा आदेश, औषधपाण्याचा आणि घराचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. तातडी असेल तर समोरच्याला ऐकून घेण्याआधीही अंतरिम आदेश निघतो. अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. आपल्या न्यायालयांत याहून बराच वेळ लागतो, म्हणून अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करावी. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. घर त्याच्या नावावर आहे म्हणून तिला रातोरात बाहेर काढता येत नाही, एवढेच हा हक्क सांगतो.

अर्जाला वकील लागतोच असे नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहून घेतात आणि अर्ज करायला मदत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे आणि महिला हेल्पलाइन १८१ आहे.

हा कायदा फक्त स्त्रीसाठी आहे. त्रास पुरुषाला होत असेल तर त्याला नेहमीची फौजदारी तक्रार किंवा दिवाणी दावा हेच मार्ग उरतात.

४. पोटगी

पूर्वीच्या फौजदारी संहितेचे कलम १२५, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, पोटगी देते ती 'पत्नी'ला. बराच काळ पत्नीसारख्या राहिलेल्या स्त्रीलाही त्यात घ्यावे, असा प्रस्ताव महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००८ मध्ये मंजूर केला होता. त्यावर राज्यभर वाद झाला आणि पुढे तो कायद्यात उतरला नाही. २०२३ मध्ये नवी संहिता लिहिली गेली, तेव्हाही 'पत्नी' हा शब्द तसाच राहिला. संधी दोनदा आली आणि दोनदा हातची गेली.

म्हणून व्यवहारात हिंसाचार प्रतिबंधाचा कायदाच जास्त कामाचा आहे. त्याखाली मिळणारा दरमहाचा खर्च लग्नाच्या दाखल्यावर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ललिता टोप्पो प्रकरणात हाच रस्ता दाखवला.

५. मुलांचे काय?

मुलांच्या बाबतीत कायदा त्यामानाने उदार आहे. आईबापांचे लग्न झालेले असो वा नसो, मुलाला दोघांकडूनही पालनपोषणाचा खर्च मागता येतो. हिंदू कायद्यात अशा मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई असते, तिच्यानंतर वडील. अविवाहित आईवर वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करू नये आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे.

वारसा मात्र गुंतागुंतीचा आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या मालमत्तेत मुलाचा हक्क निर्विवाद असतो. वडिलांच्या बाबतीत न्यायालये एक जुने गृहीतक वापरतात. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नीसारखे राहिले असतील, तर त्यांचे लग्न झाले होते असे धरून चालायचे आणि 'झाले नव्हते' म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. १९७८ च्या बद्रीप्रसाद प्रकरणात ५० वर्षांच्या सहवासावरून हे गृहीत धरले गेले. २०२२ मध्ये केरळच्या एका खटल्यात याच आधारावर मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा मिळाला.

आजच्या जोडप्यांची अडचण नेमकी इथे होते. हे गृहीतक लपूनछपून नव्हे, तर नवरा-बायको म्हणून राहिलेल्यांच्या कामी येते. "आम्ही लग्न केलेले नाही," असे जी जोडपी प्रामाणिकपणे सगळीकडे लिहितात, त्यांच्याविरुद्ध तोच पुरावा होतो. खरे बोलण्याची अशी किंमत द्यावी लागू नये, पण आज ती द्यावी लागते. म्हणून जन्माच्या दाखल्यावर दोघांची नावे असावीत आणि दोघांनीही मृत्युपत्रात मुलाचा नावानिशी उल्लेख करावा.

दोघांनी मिळून मूल दत्तक घ्यायचे असेल तर लग्नाची किमान दोन वर्षे पूर्ण असावी लागतात. एकल व्यक्तीलाही अर्ज करता येतो, पण जोडीदाराबरोबर राहणाऱ्याचा अर्ज एकल म्हणून स्वीकारला जाईलच असे नाही. मात्र एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

६. घर कोणाचे?

लग्नाचा दाखला एसटीच्या पाससारखा असतो. एकदा काढला की बँक, रुग्णालय, आयकर, वारसा अशा प्रत्येक ठिकाणी तोच दाखवायचा. लग्नाविना राहणाऱ्यांना मात्र दर टप्प्याला वेगळे तिकीट काढावे लागते. सर्वांत महाग टप्पा घराचा.

समजा, निखिलने ८० लाखांचा फ्लॅट स्वतःच्या नावावर घेतला. कर्जही त्याच्याच नावावर आहे. नेहा त्याच्या खात्यात दरमहा २०,००० रुपये टाकते आणि किराणाही भरते. सहा वर्षांत तिचे १४ लाख ४० हजार रुपये गेले. मग दोघे वेगळे झाले. फ्लॅटमध्ये तिचा वाटा किती? करारावर नाव नाही, तेव्हा मालकी शून्य. दिलेले पैसे परत मागायला दिवाणी दावा लावावा लागेल आणि ते हप्त्यासाठी दिले होते की घरखर्चासाठी, यावर वर्षानुवर्षे वाद चालेल.

हेच दोघांनी खरेदीच्या करारावर दोन्ही नावे घालून '६० टक्के व ४० टक्के' असा वाटा लिहिला असता, तर प्रश्नच उरला नसता. वाटा लिहिला नाही आणि कोणी किती भरले तेही दाखवता आले नाही, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा दोघांना समान वाटेकरी धरतो. म्हणून पैसे नेहमी बँकेतून द्यावेत आणि 'घराचा हप्ता' अशी नोंद त्यात टाकावी.

"मीच सगळे पैसे घालतो आणि फ्लॅट तिच्या नावावर घेतो," असे कोणी प्रेमाने म्हणेल. यात मोठा धोका आहे. स्वतःच्या उघड उत्पन्नातून पत्नीच्या किंवा मुलांच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी कायद्यातून वगळलेली आहे. जोडीदाराला ही सवलत नाही.

भेटीचेही तसेच. पतीने पत्नीला पाच लाख रुपये दिले तर तिला त्यावर कर नाही. जोडीदाराने दिले तर आयकराच्या दृष्टीने तो 'नातेवाईक' नाही. वर्षभरात अशा भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या की सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. राहते घर पत्नीला बक्षीसपत्राने द्यायचे असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. जोडीदाराला द्यायचे तर विक्रीइतके शुल्क भरावे लागते.

७. रुग्णालय आणि मृत्यू

रात्री दोन वाजता अपघात विभागात जो फॉर्म हातात येतो, त्यावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना असतो. रुग्ण शुद्धीत असेल तर चिंता नाही. सज्ञान माणसाच्या उपचारांना त्याची स्वतःचीच संमती लागते. तो बेशुद्ध असेल तर रुग्णालये आईवडील किंवा भावंडे शोधू लागतात. यावर उपाय म्हणजे आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घेतला की पुरते. आपण असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असू आणि बोलण्याच्या स्थितीत नसू, तेव्हा आपल्या वतीने कोणी ठरवायचे ती नावे त्यात लिहिता येतात. मानसिक आजारासाठी २०१७ चा कायदा साध्या कागदावरही प्रतिनिधी नेमू देतो आणि तो नातेवाईक असण्याची अट नाही.

मृत्यूनंतरचे चित्र कठोर आहे. समजा, चाळिशीचा अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला. मूल नाही, आई हयात आहे. त्याची सगळी मालमत्ता आईला जाते. आई नसेल तर वडिलांना, तेही नसतील तर भावंडांकडे. दहा वर्षे त्याच्याबरोबर राहिलेल्या बाईचे नाव त्या यादीत कुठेच नाही. जुन्या पिढीतल्या जोडप्यांसाठी ते दीर्घ सहवासाचे गृहीतक कधी कधी धावून येते, पण त्यासाठी दिराशी, पुतण्यांशी कोर्टात भांडावे लागते.

"पण मी तिला नॉमिनी केलंय ना!" असे अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी पैसे हातात घेणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीतही हेच खरे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ठरवले. वारसांनी मागितले तर तिला ते पैसे द्यावे लागतात. भविष्यनिर्वाह निधीत तर आणखी अडचण आहे. नियमांच्या व्याख्येतले कुटुंब असेल तर बाहेरच्या व्यक्तीचे नाव चालतच नाही.

म्हणून मृत्युपत्र करावेच. साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार हवेत आणि ज्याला लाभ मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. हिंदूंना स्वतःची सगळी मालमत्ता हवी त्याला देता येते. मुस्लिमांना वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशच देता येते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा नियमांप्रमाणे मुलांचा किंवा आईवडिलांचा निम्मा हिस्सा राखीव असतो. म्हणून गोवेकराला जोडीदारासाठी उरलेल्या निम्म्याचेच मृत्युपत्र करता येते.

समलिंगी जोडप्यांना सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये विवाहाचा हक्क नाकारला. त्यांच्यासाठी तर हे कागद हाच सध्या एकमेव आधार आहे. संयुक्त खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला त्यांना आडकाठी नाही, असे केंद्राच्या अर्थमंत्रालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

८. नोंदणी आणि नोटरीचा करार

उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. तिथे असे नाते महिनाभरात नोंदवावे लागते, नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती पोलीस ठाण्याला जाते, कोणी २१ वर्षांखाली असेल तर पालकांनाही कळवले जाते. सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी आणि मुलाला औरस दर्जा या तिथल्या चांगल्या तरतुदी आहेत. पण त्या देण्यासाठी तुरुंगाची भीती घालायची गरज नव्हती. घरच्यांपासून पळून आलेल्या मुलीचा पत्ता सरकारी कागदावर येणे तिच्या जिवावर बेतू शकते. महाराष्ट्रात अशी सक्ती नाही.

आपल्याकडे पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर 'लिव्ह-इन करार' करून देणारे पुष्कळ भेटतात. अशा करारात भाडे, हप्ता, फर्निचर, गाडी कोणाची, वेगळे झाल्यावर अनामत रक्कम कोणाला, हे लिहून ठेवणे उपयोगाचे आहे. कधीपासून एकत्र राहतो त्याचा तो पुरावाही होतो. पण त्याने नात्याला लग्नाचा दर्जा मिळत नाही. 'एकमेकांवर कोणतीही तक्रार करणार नाही' असे कलम घातले म्हणून मारहाणीची तक्रार अडत नाही आणि मुलाच्या पोषणाचा हक्कही सोडता येत नाही. असे कलम मसुद्यात दिसले तर सही करण्याआधी ते खोडायला सांगावे, आणि कराराची मूळ प्रत दोघांकडे एकेक राहील अशा दोन प्रती कराव्यात.